लेखननियमांची एकवाक्यता : प्रोग्रामांची भांडारे आणि मराठीचा अनुभव

जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव पुणे-नाशिक मार्गावरील आळेफाट्यामुळे प्रवाशांना आणि रेड्याच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित आहे. पैठणास ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा भावंडांसमवेत आळंदीकडे येत असता येथे निवर्तला व भावंडांनी त्यास समाधी दिली, असे परंपरा सांगते. कथेचा रूढ अर्थ सर्वविदित आहे. वेदावर कोणा एका वर्णाची मिरास नाही, हे तीतून ठसविले जाते. परंतु भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेईल अशी आणखी एक गोष्ट तीत आहे. चमत्कार आहे तो रेडा बोलला यात. तो जे बोलला ते बरोबर होते की नाही हे ठरविताना, रेड्याला अर्थ कळला होता काय, असे कोणी विचारले नाही. पठणाची शुद्धता अर्थज्ञानावाचून तपासता येते, हे त्या सभेस मान्यच होते.

ही मान्यता निराधार नव्हती. वैदिकांनी संहितापाठाबरोबर पदपाठ सिद्ध केला, आणि त्यावर क्रम, जटा, घन इत्यादी पाठ रचले. क, ख, ग ही तीन क्रमिक पदे घेतली तर क्रमपाठात ती ‘कख, खग’ अशी म्हटली जातात. जटापाठात ‘कख, खक, कख’ अशी. आणि घनपाठात ‘कख, खक, कखग, गखक, कखग’ अशी. पदांचा असा उलटसुलट फेरा घालताना एखादे पद गळले, बदलले वा नवे शिरले तर ते ताबडतोब उघडे पडते. दूरदूरच्या प्रांतांत विखुरलेल्या पाठकांपाशी सामाईक पोथी नव्हती. सामाईक होता तो तपासणीचा नियम. तो संपूर्णपणे रूपाचा नियम होता, अर्थाचा नव्हता, म्हणूनच तो सर्वत्र सारखा पाळता आला.

आज नेमक्या अशाच स्वरूपाचा प्रश्न संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या संघांपुढे उभा आहे. अनेक हातांनी, अनेक ठिकाणी लिहिले जाणारे लेखन एका वळणाचे कसे राहावे? त्यासाठी नियम करावेत तर ते कोठे ठेवावेत, कोणी बदलावेत, आणि त्यांतील किती भाग अर्थ न समजणाऱ्या यंत्रावर सोपवावा? वरवर पाहता हा प्रश्न अभियंत्यांचा आहे. तथापि लेखननियमांचा एक दीर्घ व काहीसा कष्टप्रद अनुभव मराठी भाषेच्या गाठीशी आहे. दोन्ही क्षेत्रांतील व्यवहार शेजारी ठेवून पाहिल्यास परस्परांवर प्रकाश पडतो, असे प्रस्तुत चिकित्सेत दाखवावयाचे आहे.

१

प्रथम प्रश्नाचे स्वरूप निश्चित केले पाहिजे. प्रत्येक प्रोग्रामाचा कोड, त्याच्या पूर्वीच्या सर्व अवस्थांच्या नोंदींसह, एका स्वतंत्र भांडारात ठेवलेला असतो. व्यवसायात त्यास रिपॉझिटरी म्हणतात. एकाच संघाकडे अशी अनेक भांडारे असतात आणि तीच माणसे आज एका भांडारात तर उद्या दुसऱ्यात काम करतात. ओळीच्या आरंभी किती जागा सोडावी, ओळ किती लांब असावी, महिरपी कंस कोठे उघडावा, चलाचे नाव कसे बांधावे, या गोष्टी प्रत्येक भांडारात निराळ्या असतील तर वाचणाऱ्यास प्रत्येक वेळी नव्याने डोळा बसवावा लागतो.

येथे तीन थर वेगळे करणे अवश्य आहे. भाषेच्या व्याकरणाशी विसंगत कोड कंपायलर स्वीकारतच नाही. हा पहिला थर. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेले तेच विधान दहा प्रकारे मांडून लिहिता येते. त्यांतील एक प्रकार निवडणे हा दुसरा थर होय, आणि त्याची तुलना शुद्धलेखनाशीच होऊ शकते. तिसरा थर निवडीचा व औचित्याचा आहे : नाव समर्पक आहे काय, एकाच कार्यात दोन विचार कोंबले आहेत काय, टीप खरी आहे काय. या थरास साहित्यात शैली म्हणतात. संघांच्या नियमपत्रिकांत हे तिन्ही थर बहुधा एकत्र कालविलेले असतात आणि पुढील बहुतेक वाद त्या कालवाकालवीतून उद्भवतात.

थरांमधील सीमा प्रत्येक भाषेत एकाच जागी असते असेही नव्हे. सी या भाषेत ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेकडे कंपायलर ढुंकूनही पाहत नाही. पायथनमध्ये तीच जागा व्याकरणाचा भाग आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. संस्कृतात ह्रस्वदीर्घत्व अर्थभेदक आहे. मराठी उच्चारात इकार-उकारांचे ह्रस्वदीर्घत्व बहुतांशी शब्दातील स्थानावरून ठरते. एका भाषेत जे अर्थाचे अंग आहे ते दुसरीत केवळ वळण असू शकते.

‘केवळ वळण’ म्हणून या दुसऱ्या थरास क्षुद्र लेखणे मात्र चुकीचे ठरेल. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालींतील एक गंभीर दोष उघडकीस आला. सुरक्षित जोडणीची खातरजमा करणाऱ्या सी भाषेतील कोडात ‘गोटू’ची एकच ओळ लागोपाठ दोनदा उमटली होती. पहिली ओळ वरच्या अटीच्या कक्षेत होती, दुसरी नव्हती. परंतु दोन्ही सारख्याच आत सरकवून लिहिल्यामुळे डोळ्यास दोन्ही अटीखालीच वाटत. प्रत्यक्षात दुसरी ओळ प्रत्येक वेळी अमलात येई व पुढील तपासणी वगळली जाई. वाचकाने मांडणीवर विश्वास ठेवला, यंत्राने व्याकरणावर. २०१६ मधील जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोय झाली. मांडणी ही वाचकाशी केलेली प्रतिज्ञा असते आणि ती मोडल्यास हानी खरी होते, एवढे यावरून सिद्ध व्हावे.

२

नियम सामाईक करण्याच्या तीन रीती आजवर प्रचारात आल्या. पहिली रीत पुस्तकाची. कर्निगन व प्लॉगर यांनी १९७४ मध्ये प्रोग्रामलेखनाच्या शैलीची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पायथनसाठी गिडो व्हॅन रॉसम व बॅरी वॉर्सो यांची नियमपत्रिका २००१ मध्ये ‘पेप ८’ या नावाने सिद्ध झाली. आत सरकविण्यासाठी चार मोकळ्या जागा, ओळीची कमाल लांबी ७९ अक्षरे, असे तिचे नियम आहेत. पुस्तकाचा गुण असा की, ते कारणे देते. दोष असा की, ते पाळले गेले की नाही हे पाहण्यास दर वेळी माणूस लागतो. माणूस कंटाळतो, आणि जो कंटाळत नाही तो सहकाऱ्यांस नकोसा होतो.

म्हणून दुसरी रीत आली, यंत्राची. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ हे साधन तयार केले. कंपायलरला चालणाऱ्या परंतु संशयास्पद अशा रचना ते दाखवून देई. पुढे मांडणी स्वतःच बदलून देणारी साधने, म्हणजे फॉरमॅटर, आली. गो ही भाषा २००९ मध्ये प्रकट झाली तीच ‘गोफम्ट’ हे साधन बरोबर घेऊन, आणि त्यात आवडीनिवडीस जवळजवळ वावच ठेवला नाही. जावास्क्रिप्टसाठी २०१७ मध्ये ‘प्रेटियर’ आणि पायथनसाठी २०१८ मध्ये ‘ब्लॅक’ ही साधने याच विचाराने घडली. नियम सांगावयाचा नाही, तर लेखनच नियमात आणून ठेवावयाचे, असा हा पवित्रा होय.

परंतु यंत्रासही नियम कोठून तरी वाचावे लागतात. ते एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेले असतात आणि अनेक भांडारांच्या संघात पहिली सहज प्रवृत्ती होते ती फाइल नकलून प्रत्येक भांडारात ठेवण्याची. नकलेच्या दिवशी सर्व भांडारे एकमताची असतात. पुढे एका ठिकाणी ओळीची मर्यादा वाढते, दुसऱ्या ठिकाणी एक नियम ‘तूर्त’ बंद केला जातो, तिसरे भांडार कोणी उघडतच नाही. वर्षभराने मूळ फाइल कोणती, हे सांगता येत नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही कहाणी तोंडपाठ आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तीन शतके नकलत गेल्या व त्यांत पाठभेद साचले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात पुढे कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी एक प्रमाण आवृत्ती तारखेनिशी जाहीर केली. तरीही नकलेची परंपरा चालू होती तोवर पाठ पुन्हा हलण्याचा संभव उरलाच, आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापली तेव्हा प्रमाण कोणते, हा वाद नव्याने पेटला. प्रमाण ठरविणे एक आणि नकलेचा मार्ग बंद करणे दुसरे. पहिल्याने दुसरे आपोआप साधत नाही.

तिसरी रीत या दोषावर उपाय म्हणून आली. निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘ईएसलिंट’मध्ये नियमांचा संच स्वतंत्र पॅकेज म्हणून प्रसिद्ध करता येतो. प्रत्येक भांडारात मग नियम उतरवून घेत नाहीत. ‘अमुक संचाची अमुक आवृत्ती येथे लागू आहे’ एवढीच ओळ लिहितात. नियम एका जागी राहतो, भांडारात राहतो तो केवळ निर्देश. स्थानिक अपवाद करावयाचा असल्यास तो त्या निर्देशाच्या खाली, सर्वांस दिसेल असा लिहावा लागतो. नक्कल आणि निर्देश यांतील हा भेद या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद होय. नकलेत विसंगती मुकी असते. निर्देशात तिला बोलावे लागते.

३

आता मराठीकडे वळावे. एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी यांच्या हाताखालून शालेय पुस्तके जात, तेव्हा मराठी गद्याच्या वळणावर एका टेबलाची सत्ता होती. विरामचिन्हांची रूढीही त्याच काळात पडली. पुढे छापखाने, वृत्तपत्रे व विद्यालये वाढली आणि टेबले अनेक झाली. मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले. त्याचे चौदा लेखननियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. अनेक भांडारांना एक नियम देण्याचा महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा प्रयत्न होय, आणि त्याचे मूल्यमापन त्याच दृष्टीने व्हावयास हवे.

या नियमांचा मोठा गुण म्हणजे त्यांची संख्या. अठरा नियम मनुष्याच्या ध्यानात राहतात. दुसरा गुण त्यांतील एका तरतुदीत आहे, जिची व्हावी तितकी वाखाणणी झालेली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य छापताना ते मुळाप्रमाणे छापावे. त्यानंतरचे, या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांप्रमाणे छापावे, असे महामंडळाने सांगितले. नियमाचा अंमल कोठपासून सुरू होतो, हे नियमातच लिहिलेले आहे. प्रोग्रामलेखकांना हे शहाणपण उशिरा आले. जुन्या भांडारावर फॉरमॅटर फिरविला की हजारो ओळी एका रात्रीत बदलतात, आणि कोणती ओळ कोणी, केव्हा लिहिली हे सांगणाऱ्या नोंदीत त्या सर्वांवर फॉरमॅटर फिरविणाऱ्याचेच नाव उमटते. असा बदल वगळून मूळ लेखकाचे नाव दाखविण्याची सोय ‘गिट’मध्ये २०१९ च्या २.२३ या आवृत्तीपासून आली. लेखनाचा इतिहास हाही लेखनाचा भाग आहे, हे तत्त्व महामंडळास १९६२-७२ च्या काळात ठाऊक होते.

परंतु हीच तरतूद दुसऱ्या बाजूने पाहिली तर नियमाची किंमतही दाखविते. नव्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वर्ज्य केले. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन जुन्या लेखनात डोळ्यांनी वेगळे ओळखता येई. आता ‘ते’ पाहून पुढील क्रियापदापर्यंत थांबावे लागते. उच्चारात भेद उरला नव्हता, तेव्हा लेखनातून तो काढला हे तर्कास धरून झाले; पण चिपळूणकरांचे निबंध नव्या वळणाने छापताना त्यांनी स्वतः केलेली एक खूण पुसली जाते, हेही खरे. कोडातही असे घडते. अंकांचा एखादा कोष्टक लेखकाने स्तंभ जुळवून मांडलेला असतो. फॉरमॅटर ते स्तंभ मोडतो, कारण त्याच्या लेखी ती केवळ मोकळी जागा असते. ‘ब्लॅक’सारख्या साधनात अशा ठिकाणी ‘येथे हात लावू नये’ अशी खूण करण्याची मुभा ठेवावी लागली. एकरूपता कधीही फुकट मिळत नाही. ती रूपातील थोडा अर्थ घेऊन जाते, आणि तो किती, हे नियम करणाऱ्याने आधी मोजावे.

महामंडळाच्या नियमांतील उणीव मात्र थरांच्या संकराची आहे. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, हा नियम कोणासही पाळता येईल. त्यास अर्थ समजण्याची गरज नाही. ‘कवी’ दीर्घ परंतु ‘कविराज’ ह्रस्व, हा नियम पाळण्यास शब्द तत्सम आहे हे माहीत असावे लागते, सामासिक आहे हेही ओळखावे लागते. म्हणजे लेखकाने प्रत्येक शब्दाशी व्युत्पत्तीचा हिशेब करावयाचा. पहिला नियम रूपाचा, दुसरा ज्ञानाचा. दोघांना एकाच यादीत, एकाच अधिकाराने बसविल्यामुळे ज्ञान नसलेला लेखक ‘अशुद्ध’ ठरला. या शब्दाने ज्या पिढ्यांना शाळेत लाज आणली, त्यांचा दोष व्युत्पत्ती न जाणण्यापलीकडे काही नव्हता.

आळे या ग्रामनामावरच हे तपासून पाहता येते. एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे, या नियमाने ‘पुणे’चे ‘पुण्याला’ तसे ‘आळे’चे ‘आळ्याला’ व्हावयास हवे. झाडाच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेले आळेही ‘आळ्याला’च होते. बोलणाऱ्यास प्रसंगावरून गाव कोणते आणि झाडाचे आळे कोणते हे कळते, यंत्रास ते सांगावे लागते. लिहिणारा मनुष्य ‘आळे येथे’ अशी रचना करून प्रश्नच टाळतो. ‘आळेफाटा’ हा शब्द जोडून लिहावा की तोडून, याचेही उत्तर मांडणीच्या नियमात नाही. तो गाव आहे की गावाचा फाटा, या स्थानिक जाणिवेत आहे. एका दोन अक्षरी नावाभोवती इतके निर्णय गोळा होतात आणि त्यांतला एकही केवळ रूप पाहून करता येत नाही.

४

महामंडळाचे नियम डोळ्यांसाठी होते. कागदावर जे दिसते त्यापलीकडे लेखनाला काही अंग असेल, ही कल्पना त्या काळी संभवत नव्हती. संगणक आला आणि लेखनाला दिसण्यापूर्वीचे एक अंग फुटले, ते म्हणजे संकेतांक. येथे मराठीत एक विसंगती अशी रुजली की, ती मुद्रितशोधकाच्या डोळ्यास कधी दिसणारच नाही.

‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे तक्त्यातील ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन त्यास हलन्त जोडणे. दुसरा प्रकार म्हणजे ०९३० क्रमांकाचा साधा ‘र’, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर व कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द होत. युनिकोडची संकेत एकरूप करण्याची नेहमीची पद्धतीही त्यांना एक करीत नाही. ‘ॲ’चे असेच आहे. त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वीच्या सवयीने ‘अ’वर चंद्र काढून तोच आकार साधणारे लेखनही प्रचारात राहिले, जरी प्रमाणपत्रिका ते करू नये असे सांगते.

परिणाम क्षुल्लक नाहीत. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द एका पद्धतीने शोधला तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली पाने, साधनाने विशेष काळजी घेतली नसल्यास, हाती लागत नाहीत. मराठी शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या अभ्यासकाच्या यादीत एकच शब्द दोन ठिकाणी, दोन संख्यांनिशी उतरतो, आणि तो त्या दोन ओळींकडे पाहून चक्रावतो, कारण त्यांत भेद दिसत नाही. विभागांतून आज शब्दसंग्रह उभारले जात आहेत. त्यांतील निष्कर्षांची विश्वसनीयता या अदृश्य भेदावर अवलंबून आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला व लिपी प्रमाणित केली आणि २०२२ मध्ये ती अद्ययावत केली, हे स्तुत्य होय. परंतु अक्षराच्या आकाराचे प्रमाण आणि संकेतांकाचे प्रमाण या दोन वस्तू आहेत, आणि दुसरे प्रमाण केवळ पत्रकाने पाळले जात नाही. ते लेखन भांडारात शिरते त्या दारावर तपासावे लागते.

हे काम यंत्राचे आहे, आणि ते यंत्रानेच करावे. अर्धा ‘र’ कोणत्या संकेतांकाने लिहावा हे ठरविण्यास अर्थ समजावा लागत नाही. ज्या नियमाचे पालन डोळ्याने तपासता येत नाही तो माणसाच्या माथी मारणे अन्याय्य, आणि ज्याचे पालन अर्थावाचून तपासता येत नाही तो यंत्राच्या हाती देणे अविचार, अशी ही दोन टोके आहेत.

५

सामाईक नियमांबाबत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, नियम सर्वत्र एकच हवा, अपवाद म्हणजे शैथिल्य. दुसरा म्हणतो, प्रत्येक भांडार आपल्यापुरते सुसंगत असले म्हणजे झाले. दुसऱ्या पक्षास ‘पेप ८’चाच आधार घेता येतो, कारण नियमपत्रिकेशी सुसंगती महत्त्वाची, प्रकल्पांतर्गत सुसंगती अधिक महत्त्वाची, आणि एकाच विभागातील वा कार्यातील सुसंगती सर्वाधिक महत्त्वाची, असा क्रम तिने स्वतःच लावून दिला आहे. हा क्रम योग्यच आहे. परंतु वर्तुळ कोठे थांबवावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ते उत्तर भाषाशास्त्रात आहे. लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात भाषिक समाजाच्या अंतर्गत भेदांचे कारण संपर्काच्या दाटीत शोधले. जेथे माणसे परस्परांशी वारंवार बोलतात तेथे भाषा सारखी होते. जेथे हा व्यवहार विरळ होतो तेथे बोलीच्या सीमारेषा उमटतात. भांडारांनाही हेच माप लावावे. ज्या भांडारांमध्ये तीच माणसे ये-जा करतात त्यांना एकच नियम हवा, कारण तेथे भेदाची किंमत रोज मोजावी लागते. ज्या भांडाराचे वाचक निराळे, भाषा निराळी, आयुष्य निराळे, त्यावर तोच नियम लादण्यात नियम करणाऱ्याच्या समाधानाखेरीज काही साधत नाही. नियमाची व्याप्ती संस्थेच्या हद्दीवरून नव्हे, वाचकांच्या वाटांवरून ठरावी.

या मापाने पाहिले म्हणजे दोन्ही पक्षांचा दोष दिसतो. पहिला पक्ष वाटा पाहतच नाही. दुसरा प्रत्येक भांडारास बेट समजतो, परंतु ज्या होडीतून माणसे रोज बेटाबेटांवर जातात ती होडी त्यास दिसत नाही. महामंडळाच्या नियमांचे यशापयशही याच मापाने समजते. वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके व शासन यांचा वाचक एकच होता, तेथे नियम रुजले. पात्राच्या तोंडची बोली आणि व्यक्तिगत पत्रे यांचे वाचक व प्रयोजन निराळे, तेथे ते रुजले नाहीत, आणि रुजावयास नकोच होते.

६

या विवेचनातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे मांडता येईल. नियमांची एक यादी करण्यापेक्षा त्यांचे थर पाडावेत. केवळ मांडणीचे जे नियम ते फॉरमॅटरकडे द्यावेत आणि त्यावर पुन्हा चर्चा करू नये. जोखमीची रचना दाखविणारे नियम लिंटरकडे असावेत. ‘ईएसलिंट’च्या चालकांनी २०२३ मध्ये आपल्या संचातील मांडणीचे नियम कालबाह्य ठरवून त्यांची जबाबदारी सोडली, ती हाच भेद ओळखून. नाव समर्पक आहे काय, टीप प्रामाणिक आहे काय, हे प्रश्न सहकाऱ्याच्या वाचनासाठी राखावेत, आणि त्यांना ‘नियमभंग’ हा शब्द लावू नये.

नियम एका जागी असावा आणि अन्यत्र त्याचा आवृत्तीनिशी निर्देश असावा, नक्कल नसावी. अपवाद लपवू नये, कारणासह लिहावा. बदल ठरलेल्या मुदतीने व्हावा. ‘ब्लॅक’च्या धोरणानुसार एका कॅलेंडर वर्षात स्थिर मांडणी बदलत नाही, आणि बदल जानेवारीतील आवृत्तीत येतात, लेखननियमांच्या व्यवस्थापनात अशी नियमितता मराठीस १९७२ नंतर लाभली नाही, ही खेदाची गोष्ट होय. नियमाला पालक असावा, त्याच्याकडे जाण्याची वाट सर्वांस खुली असावी, आणि प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण लिहिलेले असावे; कारण विसरले की नियम रूढी होतो, आणि रूढी मोडण्यास नेहमी भांडण लागते.

शेवटी पुन्हा आळ्याच्या समाधीकडे पाहावे. परंपरेने पठण करणाऱ्या प्राण्याचाही सन्मान केला, यात एक मर्म आहे. अर्थ न जाणता रूप अचूक राखणे हे हलके काम नव्हे. ते राखले गेले म्हणून अर्थ सांगणाऱ्यापर्यंत मूळ पाठ पोहोचतो. परंतु ज्ञानदेवांनी रेड्याकडून वदविले ते वेद. गीतेचा भावार्थ सांगण्याचे काम त्यांनी स्वतः केले. नियम सामाईक करणाऱ्या प्रत्येक संघाने, मग तो प्रोग्राम लिहिणारा असो की कोश रचणारा, कामाची हीच वाटणी डोळ्यांपुढे ठेवावी. यंत्राने रूप राखावे, म्हणजे माणसास अर्थाकडे लक्ष देण्यास उसंत मिळेल. ती उसंत मिळत नसेल तर नियम कितीही एकरूप असला तरी त्याचा हेतू साधला नाही, असेच म्हणावे लागेल.